मिलिंदची म्हैस आणि आबांचा डावा हात

एका सकाळी मी, बी.ए., बी.लिब., औंढ्याच्या एका महाविद्यालयातली कायम ग्रंथपाल, किरकोळ रजा टाकून आमच्या घराच्या बैठकीत चार पायांवर रांगत होते. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘घरगुती काम’. ते खोटं नव्हतं. वेड लागलं होतं असंही नाही. मी फक्त पुस्तकात लिहिलं होतं तसं करत होते. (माझ्या बहुतेक फजित्यांचं मूळ या एका वाक्यात सापडतं.)

आमचं घर जवळा बाजारला. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. माझा धाकटा भाऊ मिलिंद पेठेत टीव्ही आणि टेप दुरुस्तीचं दुकान चालवायचा, मी रोज एसटीनं औंढ्याला जाऊन येऊन करायचे, आणि आमचे वडील, म्हणजे आबा, शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसले होते. घरी बसले होते हे मी सहज लिहिलं, पण आबा बसणारे नव्हते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी आमच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवली. जयंती असो, लग्न असो, बुद्ध विहाराचं उद्घाटन असो, पार्टी निघाली की आबा पुढं. ढोलकीची डावी, जाड आवाजाची बाजू ही त्यांची खासियत. तिला ते धुम म्हणत. उजवा हात बोलतो, डावा हात चालतो, असं ते मला लहानपणी समजावून सांगायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी पुस्तक वाचत असायचे.

तर झालं असं, की पुसेगावच्या कार्यक्रमानंतर पार्टीचे गायक किसनराव, आबांचे जन्माचे दोस्त आणि आमचे मानलेले मामा, सगळ्यांसमोर बोलून गेले. ‘‘आबाजी, तुमचा डावा हात थंडावला. धुम ऐकूच येऊन न्हाई राहिली. माझा सूर पार लटकला तिथं.’’

आबा घरी आले, ढोलकी खुंटीला टांगली, आणि त्यानंतर तिला हात लावला नाही. मायनं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘किसनराव खोटं काहून बोलंल?’’ संपला विषय! महिने गेले. ढोलकीवर धूळ बसली. आबा शिडी लावून कौलं बघायचे, नाहीतर नुसतेच गोठ्याकडं चकरा मारायचे. गोठा रिकामा होता.

मिलिंदला ते बघवेना. पुसेगावच्या कार्यक्रमाची टेप त्याच्याकडं होती. मंडपवाल्याच्या अँप्लिफायरमधून वायर काढून त्यानं ती साफ उतरवून घेतली होती.

‘‘आक्का, मामाचं चुकून राहिलंय,’’ तो म्हणाला. ‘‘मंडपातला स्पीकरच फाटका व्हता. आबांचा हात टेपमदी हाय. पर आपल्या या छोट्या डब्यातून तो जाड आवाज निघतच न्हाई. त्याला मोठी पेटी लागती. म्या बनवतो. मग आबांला बसवू, मामाला बोलावू, आन् दूध का दूध!’’

आणि त्यानं खरंच पेटी बनवली. बँडवाल्याच्या मोडीतल्या भोंग्याशेजारी पडलेला बारा इंची स्पीकर, जुन्या कपाटाचं प्लायवूड, आत गोधडीतला कापूस. (गोधडी माझी होती. मला हिवाळ्यात कळलं.) त्यावर त्यानं काळा रंग दिला. मायनं ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, ‘‘काय रं ही? म्हैस बसल्यावानी दिसती!’’ तेव्हापासून तिचं नाव म्हैस. मी तिला सबवूफर म्हणत असे. मी एकटीच.

आता इथं मी मधे पडले. पडायला नको होतं. मिलिंदचा कान चांगला होता. तो पेटी इकडं ठेवून बघायचा, तिकडं ठेवून बघायचा, आणि तासाभरात काहीतरी जमवायचा. पण आमच्या ग्रंथालयात कुणीतरी देणगी दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, घरातल्या खोलीत स्पीकर कसे मांडावेत यावर. ते आजवर कुणी नेलं नव्हतं. मी त्यातलं प्रकरण झेरॉक्स करून आणलं, लाल पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि मिलिंदला म्हणाले, ‘‘अंदाजानं काही करायचं न्हाई. याला पद्धत असती.’’

‘‘तू म्हणशील तसं,’’ मिलिंद म्हणाला. आमच्या घरात मी म्हणेन तसंच असायचं. घराण्यातली पहिली पदवीधर!

आबांना आम्ही त्या दिवशी बाजाराला पाठवलं. भाजी आणा, दोरी आणा, बियाणं बघून या, असं बरंच सांगितलं. त्यांना या कामात घेण्यात अर्थच नव्हता. आबा आमच्या कुठल्याही गोष्टीत खोट काढत नसत. मी पहिल्यांदा केलेली भाकरी कुत्र्यानंही सोडली होती, आबांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ‘‘बराबर हाय’’ म्हणून खाल्ली. अशा माणसाला आवाज तपासायला बसवून काय उपयोग?

पुस्तकातली पहिली पायरी अशी होती: ऐकणारा जिथं बसतो तिथं, त्याच्या खुर्चीवर, सबवूफर ठेवा. मग टेप लावा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथं आवाज सगळ्यांत भरीव येईल, ती सबवूफरची जागा.

अडचण खुर्चीची होती. ती शाळेनं आबांना निरोपाच्या दिवशी दिलेली, शिसवी रंगाची, हातांची. आबांनी उभी नोकरी दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडण्यात घालवली होती. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्वतः ती खुर्ची मांडली आणि आबांना धरून बसवलं, तेव्हा आबांना घाम फुटला होता. त्यानंतर आमच्या घरात त्या खुर्चीवर आबांखेरीज कुणी बसलं नाही. पाहुणे नाहीत, माय नाही, आम्ही तर नाहीच. तसा काही नियम कुणी केला नव्हता. पाय धजत नव्हता.

‘‘म्हैस बसवायची का तिच्यावर?’’ मिलिंदनं दबक्या आवाजात विचारलं.

‘‘वस्तू हाय ती. माणूस थोडंच हाय?’’

मग आम्ही खुर्चीवर धुतलेली चादर अंथरली, आणि दोघांनी मिळून म्हैस वर चढवली. मिलिंदनं टेप लावली. मी पदर खोचला आणि रांगायला लागले.

अर्धी भिंत झाली असेल, तोच दारात शेजारच्या गयाबाई.

‘‘अगं बाई! काय हरवलं गं आक्का?’’

‘‘काही न्हाई मावशी. आवाज शोधून राहिले.’’

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. खुर्चीवर चादरीत बसलेल्या काळ्या पेटीकडं पाहिलं. मग कान जमिनीला लावलेल्या माझ्याकडं पुन्हा पाहिलं. आणि जी बाई नोकरीला लागलेली असून अशी रांगते, तिचं काहीतरी सोन्याचंच हरवलं असणार आणि ती लाजून सांगत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पाच मिनिटांत त्या आणखी दोघींना घेऊन आल्या आणि तिघीही माझ्यामागं रांगायला लागल्या!

‘‘डूल व्हतं का मणी?’’

‘‘मावशी, खरंच काही न्हाई हो!’’

‘‘असू दे, असू दे. आमी कुणाला सांगत न्हाई.’’

एकीला कोपऱ्यात सेफ्टी पिन सापडली. दुसरीला माझ्या दहावीच्या वेळचं कंपासमधलं पेन्सिल धरायचं कडं. त्यांनी ते इतक्या प्रेमानं माझ्या हातावर ठेवलं की मला ‘हेच हरवलं होतं’ म्हणावं लागलं. तेव्हा कुठं त्या गेल्या.

आवाज सगळ्यांत भरीव येत होता तो पूर्वेच्या भिंतीशी. तिथं बुद्धांची तसबीर.

‘‘खबरदार!’’ माय आतून ओरडली. ‘‘वंदनेला आमी काय म्हशीपुढं बसावं का?’’

दुसऱ्या क्रमांकाची जागा ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीशेजारी. तिथं म्हैस ठेवून टेप लावली तर ढोलकीबरोबर कोठीही वाजायला लागली. मिलिंदनं तिला पाठ लावली, मी पाट लावला, मायनं आतल्या ज्वारीवर वरवंटा ठेवून पाहिला. कोठी काही गप्प बसेना. शेवटी खिडकीखालची, तिसऱ्या क्रमांकाची जागा पक्की झाली. तेवढ्यात लाइट गेली. ती दोन तासांनी आली.

आता राहिली शेवटची पायरी, आणि माझ्या मते सगळ्यांत सोपी. दोन छोटे स्पीकर आणि ही पेटी, यांनी एकाच वेळी हवा ढकलली पाहिजे. मी मायला समजावून सांगितलं, ‘‘जात्यावर दोघी बसल्या, आन् दोघींनी खुंटा एकाच बाजूला फिरवला तर पीठ पडतं. एकीनं पुढं, एकीनं मागं ओढला तर?’’

‘‘तर सासू-सुना असतील,’’ माय म्हणाली.

तर जातं जागचं हलत नाही. आवाजाचंही तसंच. पेटीच्या दोन वायरी उलट्या लागल्या, तर ढोलकीचा जाड आवाज हवेतल्या हवेत मरतो. ओळखायचं कसं? एकानं पेटीमागं बसून वायरी अदलून-बदलून लावायच्या, दुसऱ्यानं खुर्चीवर बसून ऐकायचं. ज्या वेळी धुम मोठी येईल, ते जोडणं बरोबर.

मिलिंद पेटीमागं बसला. मी खुर्चीपाशी गेले. चादर काढली होती. आबांच्या पाठीनं गुळगुळीत झालेली ती पाठ दिसली. मी वळले आणि दारात जाऊन उभी राहिले.

‘‘तिथून कळंल का?’’ मिलिंदनं विचारलं.

‘‘चार हात तर लांब हाय. काय फरक पडतो? लाव तू.’’

त्यानं लावलं. ‘‘हे?’’

‘‘बारीक.’’

त्यानं उलटं लावलं. ‘‘आन् हे?’’

दाराची कडी थरथरली! आबांचा डावा हात माझ्या तळपायातून वर आला. मी अक्षरशः उडी मारली. ‘‘हेच! हेच! हात नको लावू आता!’’

मिलिंदनं वायरी पक्क्या केल्या. वर डाख दिला.

संध्याकाळी आबा आले. किसनरावांना बोलावलं होतंच. ते चपला काढून दाराशीच सतरंजीवर टेकले, माय आतल्या दारात, मिलिंद भिंतीला टेकून, आणि आबा मधोमध, त्यांच्या खुर्चीवर. मी हातात झेरॉक्स घेऊन उभी. टेप सुरू झाली.

काय सांगू! किसनरावांनी पहिल्या आवर्तनाला डोळे मिटले आणि दुसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गाणं संपायच्या आत ते उठले, आबांसमोर आले आणि कान धरले.

‘‘आबाजी, चुकलं माझं. मंडपात मला ऐकूच आलं न्हाई. हात जिता हाय तुमचा. जिता हाय!’’

आम्ही सगळे आबांकडं बघत होतो. आबा खुर्चीत थोडे पुढं वाकून, मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी किसनरावांचे हात कानांवरून खाली घेतले.

‘‘न्हाई किसनराव,’’ ते म्हणाले, ‘‘तवा बोलले ते बराबर व्हतं. आता दोस्तीखातर काही बोलू नका.’’

‘‘आबा, अहो ऐकलं न्हाई का तुमी?’’ मिलिंद म्हणाला.

‘‘ऐकलं की बाबा. लई मेहनत घेतली तुमी दोघांनी. मशीन बराबर हाय.’’

आणि त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढली, पंच्यानं पुसली, आणि किसनरावांच्या मांडीवर ठेवली. ‘‘नव्या वाजवणाऱ्याला द्या.’’

किसनरावांनी लाख विनवलं. आबा हसत राहिले. त्या रात्री मी मायला म्हणाले, ‘‘बघितलं? याला म्हणतात मोठेपण. दोस्तानं माफी मागितली, तर उलट त्यालाच बराबर ठरवलं.’’ मी ही गोष्ट पुढं महाविद्यालयात दोन-तीनदा भाषणातही सांगितली. टाळ्या पडल्या!

पुढं बरीच वर्षं म्हैस खिडकीखाली बसून राहिली. जयंतीला, कुणी पाहुणा आला की, मिलिंद पुसेगावची टेप लावायचा. टेप लागली की आबा खुर्चीवरून उठायचे आणि हळूच दारात जाऊन उभे राहायचे, चौकटीला हात लावून. मला ते खटकायचं. येवढं शास्त्रशुद्ध जमवलं, आणि हे दारात!

‘‘आबा, तिथं काहून उभे राहिले? खुर्चीवर बसा. तिथंच खरा आवाज येतो. सगळं तुमच्या खुर्चीसाठी जमवलंय ना!’’

‘‘व्हय का? बरं,’’ असं म्हणून आबा यायचे. कधी यायला उशीर केला, तर मी हात धरून आणायचे आणि बसवायचे. ते बसायचे. मान तिरकी करून ऐकायचे. टेप संपली की म्हणायचे, ‘‘बराबर हाय.’’

आबा गेले त्याला आता फार दिवस झालेले नाहीत. आजार लांबला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंते गेले, पंगती उठल्या, आणि बैठकीत घरचीच माणसं राहिली. किसनराव आता काठी घेऊन चालतात. ते सतरंजीवर बसले आणि बराच वेळ खुर्चीकडं बघत राहिले.

‘‘आक्का,’’ ते म्हणाले, ‘‘बस तू तिथं.’’

‘‘मी कशी बसू मामा?’’

‘‘बस म्हणतो ना. रिकामी बघवंना मला. आन् मिलिंदा, लाव ती पुसेगावची.’’

मी बसले. जन्मात पहिल्यांदा. मिलिंदनं टेप लावली. किसनरावांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. माय पदर डोळ्याला लावून आतल्या दारात. आणि मला ऐकू येत होतं गाणं, टाळ, उजव्या हाताची टिक टिक, आणि त्याखाली काहीच नाही. एखाद्यानं रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटावीत तसं.

‘‘मिलिंद, म्हैस बंद पडली का रे?’’

‘‘काय बोलतीस आक्का? फरशी हादरून राहिली इथं!’’

‘‘इथं काही येऊन न्हाई राहिलं.’’

तो आला. मी उठले, तो बसला. मी त्याचा चेहरा बघत होते. तो आधी टेपकडं बघत होता, मग पेटीकडं, मग दाराकडं, जिथं मी त्या दिवशी उभी राहिले होते. मग तो पेटीमागं गेला. कातर आणली, डाख तोडला, दोन वायरी उलट्या लावल्या. जेमतेम मिनिटभराचं काम.

‘‘दारात जे जोडणं मोठं वाजतं, तेच खुर्चीवर उलटं पडून मरतं. बस आता,’’ तो म्हणाला.

मी बसले. आणि आबांचा डावा हात आला. खुर्चीच्या हातांतून, पाठीतून, पायांतून. चालत आला. उजवा हात बोलत होता आणि डावा त्याच्या खालून, जराही न अडखळता, शांतपणे चालत होता. थंडावलेला माणूस असं वाजवत नाही.

 मग मायच म्हणाली, ‘‘तुमचे आबा दारात जाऊन काहून उभे राहायचे, ते कळलं का आता?’’

‘‘त्यांला तिथं ऐकू यायचं?’’

‘‘यायचं की. मला म्हणायचे, ‘दारात माझा हात लई भारी वाजतो गं. पर ते मिलिंदच्या मशीननं मोठं केलेलं हाय. आक्का म्हणती, खरं काय ते खुर्चीवरच ऐकू येतं. शिकलेली हाय ती, तिला कळतं.’’’

आमच्या घरात स्वयंपाकघर होतं, ओसरी होती, गोठा होता, गयाबाईंची भिंत होती. या सगळ्या ठिकाणी आबांची धुम ऐकू जायची. ती ऐकू न येणारी उभ्या घरात एकच जागा होती, आणि मी माझ्या बापाला हाताला धरून, सणासुदीला, पाहुण्यांदेखत, नेमकी तिथं नेऊन बसवत होते.

मिलिंद अजून पेटीमागंच होता. ‘‘आक्का, अशीच ठेवू का जरा सरकवू?’’ त्यानं सवयीनं विचारलं. ‘‘काय म्हणतं तुझं पुस्तक?’’

‘‘मला न्हाई कळत,’’ मी म्हणाले. ‘‘मायला विचार.’’

‘‘म्हैस हाय तिथं राहू दे,’’ माय म्हणाली. ‘‘पर हिला खुर्चीवरून उठू देऊ नको. सगळ्यांला ऐकायला शिकवत व्हती, आता ऐकू दे तिला.’’

मी बसून राहिले. टेपची एक बाजू संपली आणि मिलिंद ती उलटायला उठला, तेव्हा किसनराव दाराशी जायला काठी शोधत होते आणि तिथून नीट ऐकू येतं का, असं त्यांनी मला विचारलं. माझ्याकडं याचंही उत्तर होतं, तीन कारणांसह. पण जन्मात पहिल्यांदाच मी ते दिलं नाही. नुसतं म्हणाले, ‘‘मामा, तुमाला जिथं बरं वाटंल तिथं उभे राहा.’’